गाठ पोटात, खूण लाळेत

थुंकीवरून रोग ओळखणं आम्हा ठाणेकरांना नवं नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत आमच्या खोपटपासून जवळच, वागळे इस्टेटला उभी राहिली. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमही त्याच वर्षीचा. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणसं कारखान्यांत कामाला आली, एकेका खोलीत दाटीवाटीने राहिली आणि खोकत खोकत दवाखान्यात आली. पुढे मी लॅब टेक्निशियन म्हणून कामाला लागले तेव्हाही आमच्या टेबलावरचा पहिला मान बेडक्याच्या डब्यांचाच असायचा.

डबी हातात देताना आम्ही प्रत्येकाला तेच सांगायचो : सकाळी उठल्या उठल्या चूळ भरा, छाती भरून श्वास घ्या, खोलवरून खोका आणि बेडका काढा, नुसती लाळ नको. लाळ आली की डबी परत. बेडका आला की त्यातला पिवळट, घट्ट भाग काडीने काचेवर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. मग त्यावर लाल कार्बल फ्युक्सिन ओतून खालून स्पिरिटच्या दिव्याची आच द्यायची. वाफ दिसली पाहिजे, पण उकळी फुटता कामा नये. नंतर आम्लाने धुवायचं, वर मिथिलिन ब्लू घालायचं आणि तेल टाकून मायक्रोस्कोपखाली स्लाइड सरकवत बसायचं. निळ्या पसाऱ्यात लाल, बारीक काड्या दिसल्या की क्षय. रॉबर्ट कॉखने १८८२ साली बर्लिनमध्ये हा जंतू दाखवला आणि त्याच्या आगेमागे ही रंगवण्याची पद्धत बसली. शंभर वर्षांनंतरही आम्ही तीच वापरत होतो, कारण ती स्वस्त होती आणि जिथे दिवा व मायक्रोस्कोप होता तिथे चालत होती.

जी लाळ आम्ही नमुना म्हणून स्वीकारत नव्हतो, तिच्यातच आता अंडाशयाच्या कॅन्सरची खूण शोधली जाते आहे. बातम्या येतात आणि इमारतीतल्या, मंडईतल्या बायका मला विचारतात, "ताई, आता नुसत्या थुंकीवरून पोटातली गाठ कळते म्हणे?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. या शोधामागे मोठा इतिहास आहे, त्यातला बराचसा आपल्याच भागात घडला आहे आणि तो माहीत असल्याशिवाय लाळेच्या चाचणीकडून काय मागायचं हेच कळणार नाही.

त्यासाठी परळला जावं लागतं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातल्या पॅथॉलॉजीचे ते जनक मानले जातात. स्लाइडवर पेशी वाचून ते थांबत नसत. ही गाठ ज्या माणसाच्या अंगावर आली तो काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हे ते विचारत. मुंबईत तोंडाच्या कॅन्सरचे एवढे रुग्ण का, याचा माग काढताना ते तंबाखूपाशी पोचले. १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी राहणीतल्या सवयींमधून होणाऱ्या कॅन्सरवर एक निबंध लिहिला. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट कसलं की कमरेची कातडी घासून तिथे कॅन्सर होतो, हे त्यात मांडलं होतं. पुढे परकराच्या नाडीने घासलेल्या कमरेवरही तोच प्रकार डॉक्टरांनी नोंदवला. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात हे सापडणं शक्यच नव्हतं. ते इथल्या माणसाला विचारूनच कळलं.

१९५२ मध्ये भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे संस्थापक संचालकही खानोलकरच. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्या डॉ. कमल रणदिवे पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी काचेत वाढवायला शिकल्या आणि परत येऊन त्यांनी ते तंत्र इथे रुजवलं. स्तनाच्या कॅन्सरचा आणि संप्रेरकांचा संबंध त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून तपासला. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी करण्यातही त्या अग्रभागी होत्या. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईची कॅन्सर नोंदणी सुरू केली, ती देशातली अशी पहिली. कुठल्या अवयवाचा कॅन्सर किती, कोणाला, कोणत्या वयात, याचा हिशेब तेव्हापासून मिळू लागला.

त्या हिशेबात अंडाशय वरच्या रांगेत आहे. आज भारतीय बायकांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागतो. जगभरच्या कॅन्सरचे अंदाज देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशात वर्षाला सुमारे ४७ हजार बायकांना तो नव्याने होतो. तोंडातला चट्टा आरशात दिसतो, स्तनातली गाठ हाताला लागते, गर्भाशयाचं मुख डॉक्टरला बघता येतं. अंडाशय ओटीपोटात खोल असतं आणि बाहेरून बघायची सोय नाही. शिवाय गेल्या वीसेक वर्षांत पॅथॉलॉजिस्टांच्या लक्षात आलं की त्यातला सर्वांत घातक प्रकार बहुतेक वेळा गर्भनलिकेच्या टोकाशी, अगदी थोड्या पेशींत सुरू होतो. अंडाशय मोठं दिसेपर्यंत त्या पेशी पोटभर पसरलेल्या असतात. रोग अंडाशयातच असताना सापडला तर दहातल्या नऊ जणी पाच वर्षांनी हयात असतात. पसरल्यावर सापडला तर जेमतेम तिघी. आणि बहुतेकींचा सापडतो तो पसरल्यावरच.

म्हणूनच रक्तातल्या खुणेचा शोध लागला तेव्हा सगळ्यांनाच आशा वाटली. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच पदार्थाला नेमकं पकडणारी प्रतिपिंडं प्रयोगशाळेत बनवण्याची युक्ती काढली. ती वापरून बॉस्टनला रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींना चिकटणारं प्रतिपिंड शोधत होते. एकशे पंचविसावं जमलं, म्हणून खुणेचं नाव पडलं सीए-१२५. १९८३ मध्ये त्यांनी आकडे दिले : अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या १०१ जणींपैकी ८२ टक्क्यांमध्ये ही खूण ३५ युनिटच्या वर होती आणि ८८८ निरोगी माणसांत फक्त एका टक्क्यात.

आमच्याकडे ही तपासणी आली तेव्हा ती ठाण्यात होत नसे. सकाळी रक्त घ्यायचं, गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पिवळं सिरम वेगळं काढायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि मुलगा तो डबा घेऊन लोकलने मुंबईला जायचा. रिपोर्ट यायला दिवस लागत. पुढे किट इथेच आले. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ९६ वाट्या, त्यात थेंब थेंब सिरम टाकायचं, धुवायचं, पुन्हा टाकायचं. शेवटी आम्ल घातलं की वाटी जितकी गडद पिवळी तितकी खूण जास्त. रीडर आकडा छापून द्यायचा. त्या आकड्यावर घरंच्या घरं कोसळताना मी पाहिली आहेत.

मुरबाडच्या बाजूची एक बाई आठवते. नातेवाईक तिला एसटीने खोपटला घेऊन आले होते. पोटात पाणी झालेलं, चेहरा खप्पड, वजन उतरलेलं. सोनोग्राफीत पाणी आणि जाडसर थर दिसला, सीए-१२५ चारशेच्या पुढे. घरच्यांनी कॅन्सर धरूनच रडारड सुरू केली होती. डॉक्टर जाणते होते, त्यांनी घाई केली नाही. दुर्बिणीतून पोटातल्या आवरणाचा तुकडा काढून तपासला, तर निघाला क्षय. पोटाचा टीबी. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ती बाई उभी राहिली. पोटाच्या क्षयात सीए-१२५ वाढतो, पोटात पाणीही होतं आणि चित्र हुबेहूब अंडाशयाच्या कॅन्सरसारखं दिसतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये, गरोदरपणात, पाळीच्या दिवसांतही तो वाढतो. उलट रोग पहिल्या टप्प्यात असताना निम्म्या बायकांत तो वाढलेलाच नसतो. बॉस्टनच्या निरोगी माणसांत पोटाचा क्षय असलेलं कोणी असण्याचं कारण नव्हतं. आमच्या जिल्ह्यात होतं. खूण तीच, आकडा तोच, पण बाई वेगळी असली की अर्थ बदलतो, हे मी त्या रिपोर्टवरून शिकले.

तरी सर्व निरोगी बायकांचं रक्त तपासून रोग आधी पकडावा, हा विचार सोडून देण्यासारखा नव्हता आणि त्याची परीक्षाही कसून झाली. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ बायकांना घेऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. सीए-१२५ आणि सोनोग्राफी दरवर्षी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत. उलट ३,२८५ बायकांना खोटी धोक्याची सूचना मिळाली, त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि त्यांपैकी १६३ जणींना गंभीर त्रास झाला. ब्रिटनमध्ये उषा मेनन आणि इयान जेकब्स यांच्या नेतृत्वाखाली २,०२,६३८ बायकांची चाचणी झाली. तिथल्या एका गटात एकाच आकड्यावर विसंबून न राहता प्रत्येक बाईचा सीए-१२५ वर्षागणिक कसा चढतो हे पाहिलं गेलं. त्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. पण २०२१ मध्ये शेवटचा हिशेब आला तेव्हा मृत्यू कमी झालेले नव्हते. लवकर सापडणं आणि जीव वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बायकांनी वर्षानुवर्षं रक्त देऊन जगाला शिकवलं. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

मध्यंतरी, २००२ मध्ये, 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध आला. रक्तातल्या प्रथिनांचा नकाशा संगणकाने वाचून अंडाशयाचे ५० पैकी ५० कॅन्सर ओळखले, असं त्यात होतं. जगभर गाजावाजा झाला. मग ह्यूस्टनच्या संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडे उघडून तपासले आणि मशीन व नमुने हाताळण्यातल्या फरकांचाही नकाशावर ठसा पडलेला असू शकतो हे दाखवून दिलं. ती चाचणी बाजारात आलीच नाही. नमुना कसा घेतला, किती वेळ बाहेर राहिला, कोणत्या दिवशी मशीनवर चढला, हे आम्हा टेक्निशियन लोकांचं रोजचं, दुय्यम समजलं जाणारं काम. पण तेवढ्यावर आख्खा शोध उभा राहतो किंवा पडतो.

आता लाळ. लाळग्रंथींभोवती केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि रक्तातले अनेक पदार्थ अल्प प्रमाणात लाळेत उतरतात. सीए-१२५ लाळेत मोजून पाहण्याचा अभ्यास १९९० मध्येच प्रसिद्ध झाला होता. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसचे डेव्हिड वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाळेतल्या पाच आरएनए खुणांचा संच मांडला. कॅन्सर असलेल्या २१ जणींपैकी १८ त्यात ओळखल्या गेल्या आणि नसलेल्या ३५ पैकी ३२ जणींना बरोबर सोडून दिलं गेलं. सुई नाही, वेदना नाही, घरी बसून नमुना देता येतो. बाहेर असले अभ्यास पुढे चालू आहेत आणि ते चालू राहावेत असं मला मनापासून वाटतं.

पण तोच आकडा जरा पसरून बघा. पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे अडीच हजार बायकांत एकीला हा रोग असतो, असा हिशेब पाश्चात्त्य अभ्यासांत धरतात. म्हणजे दहा हजार बायकांत चौघी. ३५ पैकी ३२ जणींना बरोबर सोडणारी चाचणी या दहा हजारांवर लावली, तर त्या चौघींतल्या तिघी-चौघी सापडतील आणि त्यांच्याबरोबर रोग नसलेल्या साडेआठशेहून जास्त बायकांना 'पॉझिटिव्ह' म्हटलं जाईल. त्यातल्या किती जणी सोनोग्राफीला जातील, किती ऑपरेशनला, किती नुसत्या झोप उडून घरी बसतील, हे अमेरिकेतल्या त्या १,०८० बायकांनी आधीच दाखवलं आहे.

आणि इथे मला खानोलकरांची पद्धत हवी आहे. २०१२ च्या त्या पाच खुणांमध्ये एक आहे इंटरल्युकिन-१ बीटाची. हा पदार्थ सूज आली की वाढतो आणि हिरड्या सुजल्या, दातांत पू झाला की लाळेत ठळकपणे वाढतो. आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात, कितीजणींच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं. शहापूर, मुरबाडच्या बायकांना दातांच्या डॉक्टरची वाट दुखणं असह्य झाल्याखेरीज दिसत नाही. अशा तोंडातली लाळ लॉस एंजेलिसच्या अभ्यासातल्या लाळेसारखी असेलच असं धरून चालणार नाही. सीए-१२५ च्या वेळी पोटाच्या क्षयाने जे केलं, ते लाळेच्या वेळी हिरड्या करू शकतात. शिवाय आरएनए फार नाजूक. नमुना देण्यापूर्वी तासभर खायचं-प्यायचं नाही, चूळ भरायची, लाळ खाकरून न काढता आपोआप नळीत ओघळू द्यायची, नळी लगेच बर्फात. थंडी राखली नाही की खूण विरून जाते. खेड्यातून एसटीने येणाऱ्या नमुन्याचं काय होईल, याचा विचार चाचणी बनवतानाच करायला हवा.

हे जमत नाही असं नाही, आणि त्याचे दाखले आपल्याच राज्यात आणि शेजारच्या गोव्यात आहेत. कोविडमध्ये नागपूरच्या नीरी संस्थेत डॉ. कृष्णा खैरनार यांच्या चमूने मीठपाण्याची चूळ घेऊन आरटी-पीसीआर करण्याची पद्धत काढली. घशात काडी घालायला नको, महागडं द्रावण नको, नमुना माणूस स्वतः देतो. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली. क्षयासाठी बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र बनवणारी मोलबायो कंपनी गोव्याची आहे. त्या यंत्राला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली.

त्याहून मोठा दाखला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून अधिक बायकांना घेऊन चाचणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. त्या पातळ अॅसेटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगर, लावायच्या, मिनिटभर थांबायच्या आणि दिव्याच्या उजेडात पांढरा चट्टा दिसतो का पाहायच्या. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटातल्या बायकांना फक्त आरोग्यशिक्षण का दिलं, तपासणी का नाही, असे गंभीर प्रश्न पुढे विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांची चाचणी केली. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगापुढे मांडलं गेलं. दोन्ही ठिकाणी बायकांपर्यंत पोचणारी माणसं त्याच वस्तीतली, त्याच गावातली होती. दार उघडलं जात होतं ते त्यांच्यासाठी.

लाळेचा एक उपयोग मात्र आजही होतो आणि तो पक्का आहे. लाळेतल्या पेशींमधून डीएनए मिळतो आणि बीआरसीए जनुकात दोष आहे का ते तपासता येतं. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईला आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या पुढे जाते. एरवी ती शंभरात एक-दोन असते. आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणच्या जनुकीय सल्ला विभागात जाऊन विचारावं. ही चाचणी रोग दाखवत नाही, धोका दाखवते. पण वेळेत कळलेल्या धोक्यावर उपाय करता येतो.

म्हणून मला विचारणाऱ्या बायकांना मी आज सांगते ते असं. थुंकीवरून अंडाशयाची गाठ पकडणारी, जीव वाचवते असं सिद्ध झालेली चाचणी अजून कुठेच नाही. कोणी विकायला आलं तर पैसे देऊ नका. पोट फुगणं, ओटीपोटात दुखणं, दोन घासांत पोट भरणं, सारखी लघवीला घाई होणं, यातलं काहीही नव्याने सुरू झालं असेल आणि महिन्यात बारा दिवसांहून जास्त होत असेल, तर अॅसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढू नका, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफीचं विचारा. सिअॅटलच्या बार्बरा गॉफ यांनी २००७ मध्ये याच तक्रारींची यादी करून दाखवली. आमच्याकडच्या बायका ती 'गॅस झालाय' या दोन शब्दांत गुंडाळतात.

आणि संशोधकांना माझं सांगणं एवढंच. लाळेची चाचणी महाराष्ट्रात आणायची असेल तर ती आधी आमच्या जिल्ह्यात पारखा. आशाताईंना बरोबर घ्या. तुलनेच्या गटात मिश्री लावणारी बाई घ्या, हिरड्यांतून रक्त येणारी घ्या, पोटाचा क्षय झालेली घ्या, गर्भाशयात फायब्रॉइड असलेली घ्या. त्या सगळ्यांना बरोबर सोडून दिलं आणि तरीही खरा रोग पकडला, आणि त्यानंतर मृत्यू कमी झाले, तर ती चाचणी आमची.